पेरभर जेल

आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकचं जेल लिहून दिलं होतं. ती हरभऱ्याएवढं जेल घ्यायची, खसाखसा चोळायची आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवायची. 30 ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरली. गुडघे दुखतच राहिले. मग एके दिवशी खोक्यातला घडी घातलेला कागद उलगडून वाचला आणि कळलं, की औषधात खोट नव्हती. ते गुडघ्याला पुरेसं मिळतच नव्हतं.

या जेलचं नेहमीचं प्रमाण एका वेळी 2 ते 4 ग्रॅम, दिवसातून 3 ते 4 वेळा असं असतं. पण घरात ग्रॅम मोजायचा कसा? त्यावर कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 1991 मध्ये एक सोपं माप सुचवलं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, म्हणजे एक पेरभर, औषधाची सरळ रेघ काढायची. ट्यूबचं तोंड 5 मिलिमीटरचं असेल तर मोठ्या माणसाच्या पेरावर साधारण अर्धा ग्रॅम औषध बसतं. हे माप मुळात मलमांसाठी केलेलं असलं, तरी जेलचा अंदाज त्यावरून येतो. 2 ग्रॅम म्हणजे चार पेरं, 4 ग्रॅम म्हणजे आठ. आईचं एक पेरही भरत नव्हतं.

चोळण्याचा जोरही वायाच जात होता. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा. तळहात-तळपाय सोडले तर तो बहुतेक ठिकाणी जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा, पण विटांमध्ये चुना भरावा तशी त्या पेशींमध्ये स्निग्ध द्रव्यं भरलेली असतात. औषध त्यातून आपल्या गतीनं झिरपतं, दाब देऊन आत ढकलता येत नाही. हलक्या हातानं सगळ्या सांध्यावर पसरलं की पुरे. लावताना गार वाटतं ते जेलमधलं अल्कोहोल उडून जातं म्हणून. गारवा गेला म्हणजे औषधाचा असर संपला, असं समजून पुन्हा लावू नये.

हा थर औषध साठवूनही ठेवतो. 1963 मध्ये व्हिकर्स या संशोधकानं त्वचेवर स्टेरॉइड लावून ती प्लास्टिकनं झाकली, तेव्हा ती फिकी पडली. काही दिवसांनी, नवं औषध न लावता, नुसतं झाकल्यावरही तिथली त्वचा पुन्हा फिकी पडली. औषध थरात मुरून बसलं होतं! काही औषधं दिवसातून एकदाच लावली तरी चालतात, त्यामागे हाही गुण आहे. झाकल्यानं आणि शेकल्यानं औषध जास्त शोषलं जातं, म्हणून डायक्लोफेनॅकवर गरम पिशवी किंवा घट्ट पट्टी नको. या जेलमधून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानानं फारच थोडं, साधारण 6 टक्के. तरीही मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा दमा असेल, गरोदरपण असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. लावून झाल्यावर हात धुवावेत. दुखणं हाताचंच असेल तर निदान तासभर धुऊ नयेत.

मुरमांच्या अ‍ॅडापलीन जेलचा हिशोब अगदी उलटा. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं, रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर. जास्त लावलं तर मुरमं लवकर जात नाहीत, कातडी मात्र लाल होऊन सोलते. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात, आणि कितीतरी मुलं-मुली पंधरा दिवसांतच कंटाळून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. गजकर्णावर तर दुकानदारानं दिलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावूच नका. खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते.

पुढच्या वेळी ट्यूब लिहून मिळेल तेव्हा ‘दिवसातून किती वेळा’ एवढंच विचारून उठू नका. ‘एका वेळी किती पेरं आणि किती दिवस’ हेही विचारा, आणि चिठ्ठीवर लिहून घ्या.