चोपण जमीन आणि तुरटी

तुरटी ठाऊक नाही असे घर नसेल. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ येते. आई घागरीत तुरटीचा खडा चार वेढे फिरवते. थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी राहते. दाढी करताना कापले, तर न्हावी तुरटीच लावतो. ही ओळखीची वस्तू आता शेतातही घालावी, असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. घालावी की नाही?

कृष्णाकाठचा एक शेतकरी डोळ्यांपुढे आणा. आपण त्याला आबा म्हणू. आबांची चार एकर जमीन. त्यातली दोन एकर ओढ्याकडे, सखल. वडिलांच्या वेळी तिथे शाळू पिकायचा. पुढे नदीचे पाणी आले, ऊस आला. पाणी वर्षभर दिले, पण जादा पाणी निघून जायला चर काढला नाही. दहा-पंधरा वर्षांत जमीन बिघडली. आता पाऊस पडला, की पाणी चार-चार दिवस उभे राहते. वाळली, की ढेकूळ टिकावानेही फुटत नाही. ऊस विरळ उगवतो आणि पिवळा पडतो. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो.

एक दिवस मोटारसायकलवरून एक विक्रेता आला. म्हणाला, “एकरी दोन पोती ही पांढरी पावडर टाका. एका पावसात जमीन लोण्यासारखी होईल.” आबांनी मनात गाईची कालवड विकायची ठरवली. नमुन्याची पिशवी सुनेच्या हाती पडली. ती नुकतीच रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली होती. तिने अक्षर-अक्षर लावून वाचले.

“मामंजी, यावर ॲल्युमिनियम सल्फेट लिहिलंय. पैसे देण्याआधी शेतकी शाळेच्या गुरुजींना विचारू या का?”

आबा जरा कुरकुरले. पण गेले.

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, “आबा, विक्रेता अगदीच खोटं बोलला नाही. ही पावडर तुरटीची सख्खी बहीण. शहरात नळाचं पाणी निवळायला हीच वापरतात. पण आधी मला सांगा, घागरीत तुरटी नेमकं काय करते?”

“गाळ खाली बसवते.”

“बसवते कशी? गाळाचे कण फार बारीक असतात. ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून पाण्यात तरंगत राहतात. तुरटी त्यांना एकत्र आणते. त्यांचे गोळे होतात. गोळा जड, म्हणून तो खाली बसतो.”

चोपण जमिनीत याच्या उलट झालेले असते. तिच्यात सोडियम नावाचा क्षार मातीच्या कणांना चिकटलेला असतो. आपल्या खायच्या मिठातही सोडियम असतो. त्याच्यामुळे मातीचे कण सुटे होतात आणि जमिनीतली बारीक छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरत नाही, हवा शिरत नाही, मुळे गुदमरतात. म्हणजे घागरीतला गाळ आणि चोपण माती यांचे दुखणे एकच आहे. तेव्हा तुरटी शेतात घालावी ही कल्पना वेडेपणाची नाही. जमीन सुधारण्याच्या शास्त्रीय पुस्तकांतही ॲल्युमिनियम सल्फेटचे नाव येते.

मग अडते कुठे? हिशेबात अडते.

सोडियमला हुसकून लावायला चुन्यातला कॅल्शियम लागतो. तो जिप्सममध्ये तयार असतो. जिप्सम हा एक मऊ खनिज दगड आहे. आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानात निघतो. त्याची पूड जमिनीत मिसळली, की कॅल्शियम कणाला चिकटतो आणि सोडियम सुटून पाण्यात उतरतो. ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये कॅल्शियम नसतो. ते पाण्यात विरघळून आंबटपणा करते. तो आंबटपणा जमिनीतली चुनखडी विरघळवतो आणि तिच्यातून कॅल्शियम मोकळा होतो. घास तोच, पण तो मानेमागून हात फिरवून तोंडात घालायचा.

आता वजन पाहा. २० क्विंटल जिप्सम जेवढे काम करते, तेवढ्या कामाला सुमारे २६ क्विंटल ॲल्युमिनियम सल्फेट लागते. वाण्याकडची खड्याची तुरटी घेतली, तर सुमारे ३७ क्विंटल. विक्रेता एकरी दोन पोती सांगत होता. ५० किलोची दोन पोती म्हणजे १ क्विंटल. तिचे काम पाऊण क्विंटल जिप्समपेक्षा फारसे जास्त नाही. बिघडलेल्या जमिनीला जिप्सम क्विंटलावर नाही, टनावर लागते. आबांची कालवड गेली असती आणि जमीन होती तशीच राहिली असती.

“पण गुरुजी,” सून म्हणाली, “ते म्हणत होते, जमिनीचा सामू उतरतो.”

सामू म्हणजे जमीन आंबट की खारी, हे सांगणारा आकडा. ७ हा मधला. त्याखाली जमीन आंबट, त्यावर खारी. चोपण जमिनीचा सामू बहुधा साडेआठच्या वर असतो. ॲल्युमिनियम सल्फेट सामू उतरवते आणि लगेच उतरवते, हे खरे आहे. थंड हवेच्या ठिकाणी हायड्रेंजिया नावाचे फूलझाड लावतात. माती आंबट करून त्याची फुले निळी व्हावीत म्हणून ही पूड कुंडीत घालतात. चहाच्या रोपवाटिकेतही वापरतात. पण कुंडीची माती किती आणि एकराची किती! एका एकराची वरची सहा इंच माती सुमारे ९ लाख किलो भरते. तिच्यात शंभरात एक भाग चुनखडी असली, तर ती झाली ९ हजार किलो. एवढी चुनखडी संपवायला सुमारे २० हजार किलो ॲल्युमिनियम सल्फेट लागेल. आणि चुनखडी संपल्याशिवाय जमीन आंबट होत नाही. आपल्या काळ्या जमिनींत शंभरात पाच-दहा भाग चुनखडी पुष्कळ ठिकाणी सापडते.

आपल्या शेतात चुनखडी आहे का, हे घरीच पाहता येते. वाळलेल्या ढेकळावर लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. चुरचुर आवाज आला, बुडबुडे उठले, तर चुनखडी आहे.

कोकणातल्या वाचकांना एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. तुमची तांबडी जमीन आधीच आंबट आहे. तिथे ही पूड टाकली, तर खर्च तर होईलच, वर नुकसानही होईल. फार आंबट जमिनीत ॲल्युमिनियम पाण्यात उतरतो. तो मुळांची टोके मारतो. मुळे आखूड आणि जाड होतात. खतातला स्फुरदही तो धरून ठेवतो, पिकाला मिळू देत नाही. अशा जमिनीला उलट चुना लागतो.

आणि ही पूड पोत्याने विहिरीत तर कधीच ओतू नये. इंग्लंडात कॉर्नवॉल भागात १९८८ साली चुकीच्या टाकीत २० टन ॲल्युमिनियम सल्फेट ओतले गेले. हजारो लोकांच्या नळाला आंबट पाणी आले. घागरीतला खडा ठीक आहे. पण तिथेही ध्यानात ठेवा, तुरटीने गाळ बसतो, रोगजंतू मरत नाहीत. निवळलेले पाणी उकळूनच प्यावे.

“मग मी करू काय?” आबांनी विचारले.

“आधी चर. पाण्याला वाट नसेल तर जिप्समही वाया. सुटलेला सोडियम धुऊन बाहेर गेला पाहिजे. तो तिथेच राहिला तर पुन्हा कणाला चिकटतो.”

चर उताराच्या दिशेने काढायचा आणि ओढ्याला मिळवायचा. शेजाऱ्याच्या बांधाशी अडले, तर त्याच्याशी बोलायचे. हे काम मातीपेक्षा अवघड असते, हे आम्हाला ठाऊक आहे. मग माती तपासून घ्यायची. शेतातल्या आठ-दहा जागी वीतभर खोल खड्डा घ्यायचा, कडेची माती काढायची, सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. जिप्सम किती लागेल, ते अहवाल सांगतो. नुसते पांढरे क्षार वर आले असतील आणि सोडियम कमी असेल, तर जिप्समची गरजच नसते. चर आणि गोडे पाणी पुरते. जिप्सम लागलेच, तर पावसाआधी बारीक पूड पसरून वरच्या मातीत कुळवाने मिसळायची. पाऊस पडला की धैंचा पेरायचा आणि फुलावर येताना गाडायचा. शेणखत असेल तेवढे घालायचे. जमीन बिघडायला वर्षे लागली, तशी सुधारायलाही एकाहून अधिक हंगाम लागतात.

आबा उठले तेव्हा गुरुजींनी कागदाच्या पुडीत चिमूटभर जिप्सम बांधून दिले.

घरी सुनेने दोन पेले घेतले. साठवलेल्या पावसाच्या पाण्यात ओढ्याकडची माती कालवून दोन्ही भरले. एकात जिप्सम टाकून ढवळले, दुसरा तसाच ठेवला. सकाळी आबांनी ते उजेडात धरले. एकातले पाणी चहासारखे गढूळ होते. दुसऱ्यातली माती तळाशी बसली होती आणि पाण्यातून पलीकडची बोटे दिसत होती. आबांनी पेले खाली ठेवले, खोरे घेतले आणि चराची आखणी करायला सुनेला दोरी धरायला बोलावले.