राळ्यांचा बिसी बेळे भात: समज आणि वस्तुस्थिती

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि कर्नाटकातल्या बिसी बेळे भातात तांदळाऐवजी राळे (कानडीत नवणे) घालण्याच्या पाककृतींना ऊत आला. पदार्थ चांगलाच आहे, पण त्याच्याभोवती समजुतीही बऱ्याच आहेत.

‘राळे हलके, कितीही खावे.’ तसे नाही. १०० ग्रॅम कच्च्या राळ्यांत सुमारे ३३० किलोकॅलरी, तांदळात साधारण ३५०. राळ्यांचे बळ तंतूंत आणि प्रथिनांत आहे. तेही कोंडा शाबूत असेल तर. पॉलिश केलेल्या राळ्यांत ते बरेच घटते. शिवाय राळ्यांत लायसिन कमी असते, ती उणीव या भातातली तूरडाळ भरून काढते. म्हणून वाटीभर राळ्यांना पाऊण वाटी डाळ आणि दोन वाट्या भाज्या हव्यातच. डाळीत हात आखडून काजू-तूप सढळ घातले, तर पौष्टिकतेच्या गप्पा मारू नयेत.

‘कुठलेही भरडधान्य चालते.’ राळे, सावा, कोद्रा चालतात. नाचणी नाही. तिची साल दाण्याला इतकी घट्ट चिकटलेली असते की ती सोलून भात करणे घरी जमत नाही. कर्नाटकातही तिचे पीठ करून मुद्दे (शिजवलेल्या पिठाचे गोळे) खातात.

‘एकाच भांड्यातला पदार्थ, म्हणजे सगळे एकदम टाकायचे.’ बहुतेकांचा भात इथेच बिघडतो. आंबटात डाळ लवकर शिजत नाही. अर्धा तास भिजवलेले राळे, डाळ, भाज्या आणि हळद आधी भरपूर पाण्यात कुकरला शिजवावी. चिंचेचा कोळ, चिमूटभर गूळ आणि मसाला त्यानंतर, मग दहा मिनिटे मंद आच. मसालाही सांबाराचा नव्हे: धने, डाळी, ब्याडगी मिरची, दालचिनी, लवंग, सुके खोबरे आणि मराठी मोग्गू, म्हणजे सावरीच्या जातीच्या झाडाची सुकी कळी. भात निवला की घट्ट होतो. तेव्हा कढत पाणी घालावे.

‘हे नवे खूळ.’ सोलापूरकडे भोगीला राळ्यांचा भात पूर्वापार होतो.

‘मधुमेहाला उतारा.’ राळे हेही पिष्टमय धान्यच. जितके गुरगुट्या शिजवाल, तितकी रक्तातली साखर लवकर चढते, आणि बिसी बेळे भात तर मऊच असतो. ताटात तो मोजूनच वाढून घ्या आणि त्याच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करू नका.