खाडा न पाडणारी तपासणी

मेलबर्न : ऑस्ट्रेलियाचे नाव गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंदर्भात निघाले की भारतातली वर्तमानपत्रे लसीबद्दल लिहितात. ते योग्यच आहे. क्वीन्सलंड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि जियान झाऊ यांनी केलेल्या कामातून ही लस उभी राहिली, २००७ पासून ती इथल्या शाळकरी मुलींना मिळू लागली आणि २०३५ पर्यंत हा रोग दर लाख स्त्रियांमागे चार रुग्णांच्या खाली आणायचे या देशाने ठरवले आहे. पण आज पंचेचाळिशीत असलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईला शाळेतल्या लसीचा काय उपयोग? तिच्यासाठी इथे दुसरेच काही घडले आहे आणि मिरा-भाईंदरच्या वाचकाने पाहण्यासारखे तेच आहे. १९९१ पासून इथे दर दोन वर्षांनी पॅप स्मिअर ही पेशींची तपासणी करत. १ डिसेंबर २०१७ पासून त्याऐवजी पाच वर्षांतून एकदा एचपीव्ही या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची चाचणी आली. जुलै २०२२ पासून तर पंचवीस ते चौऱ्याहत्तर वयाची कोणतीही स्त्री दवाखान्यात पडद्याआड जाऊन कापसाच्या काडीने स्वतःच नमुना घेऊ शकते. चाचणीचा खर्च सरकारचा. तपासणीची वेळ आली की राष्ट्रीय नोंदवहीतून पत्र येते.

ही मुभा सहज मिळाली नाही. आधी ती फक्त तिशीपुढच्या आणि तपासणी चुकवलेल्या बायकांपुरतीच होती. सगळ्यांना दिली तर डॉक्टरकडे कोणी जाणारच नाही, अशी धास्ती होती. शिवाय इथेही हंगामी, कंत्राटी कामावरच्या बाईला पगारी आजारपणाची रजा नसते, डॉक्टर वरचे पैसे मागू शकतो आणि आदिवासी स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू अजून कितीतरी जास्त आहेत. तरीही सरकारने एक गोष्ट ओळखली : बाई येत नाही म्हणजे तिला कळत नाही असे नव्हे. मग तिला उपदेश करण्यापेक्षा तिच्याकडून मागायचा वेळ आणि संकोच कमी केला.

मिरा-भाईंदरचा हिशेब याच मापाने मांडावा. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करणारी, मिरा रोडच्या सोसायट्यांत चार घरची धुणीभांडी करणारी, उत्तनहून मासळीची पाटी घेऊन निघणारी, चर्चगेटच्या लोकलमध्ये उभी राहून ऑफिस गाठणारी, यांपैकी कुणालाही काही दुखत नसते. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी सकाळच्या ओपीडीची रांग, एक खाडा, अनोळखी माणसासमोर अंग तपासून घेणे, लागल्यास पुन्हा एक फेरी. ती नाही म्हणते, कारण हिशेब तिला येतो. तीस ते पासष्ट वयोगटाची दर पाच वर्षांनी तपासणी करायचे धोरण केंद्राने २०१६ मध्ये आखले, तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, कधीतरी ही तपासणी झालेल्या स्त्रिया देशात दोन टक्केही भरल्या नाहीत. वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण मात्र भारतात निघतात.

‘आपल्या बायका लाजतात’ हा आक्षेप महाराष्ट्रानेच खोडला आहे. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांच्या मदतीने, एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांचे वेगवेगळे गट पाडून अभ्यास झाला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ पैकी २७,१९२ जणी तपासणीला आल्या, म्हणजे दहांतल्या आठ. त्या लाजत नव्हत्या का? लाजतच असतील, पण घरी येऊन कुणीतरी समजावले होते. एकाच चाचणीनंतर मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये छापूनही आले, ऑस्ट्रेलियाने पॅप सोडण्याच्या आठ वर्षे आधी. (तुलनेसाठी ठेवलेल्या, तपासणी न मिळालेल्या गटावर अन्याय झाला, ही टीका मला रास्त वाटते, पण मिळालेला पुरावा वापरायचा नाही, हा अन्याय त्याहून मोठा.)

दुसरा आक्षेप पैशाचा. आपल्याकडची सरकारी पद्धत, आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची, स्वस्त आहे खरी. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या कार्यकर्त्यांनी ती केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण तिच्यात अंतर्गत तपासणी टळत नाही आणि बाई अडते ती तिथेच. पीसीआरवर आधारलेल्या एचपीव्ही चाचणीत बाईने स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. गोव्याच्या मोलबायो कंपनीने आपल्या ट्रूनॅट यंत्रावर ही चाचणी आणलीही आहे. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा संध्याकाळी गाळ्यांच्या वसाहतीत आशाताईंनी नमुने गोळा करायला मोठे रुग्णालय लागत नाही.

खरा अवघड भाग पुढचा आहे. मुंबईच्या अभ्यासात दोष आढळलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के स्त्रिया पुढच्या निदानासाठी आल्या. उरलेल्या, सगळी यंत्रणा पाठीशी असूनही, आल्या नाहीत. ऑस्ट्रेलियातली नोंदवही अशा बाईच्या मागे लागते, तिला आणि तिच्या डॉक्टरला पुन्हा पुन्हा कळवते. भाईंदरमध्ये हे काम कुणाचे, हे पहिली काडी वाटण्याआधी महापालिकेने ठरवायला हवे, आणि कर्करोगापूर्वीच्या डागांवरचा काही मिनिटांचा उष्णतेचा उपचार शहरातच मिळायला हवा. तेवढ्यासाठी परळच्या टाटा मेमोरियलच्या फेऱ्या मारायला लावले, तर तिच्या वहीत पुन्हा खाडेच पडतील.