काचेचे कॅबिनेट घेताना आधी हवा पाहा, मग काच

2017 साली जी.एस.टी. लागू झाल्यापासून लहान दुकानदारालाही बिले व विवरणपत्रे यांसाठी कॉम्प्युटरवाचून चालेनासे झाले आहे. फ्लेक्स व लग्नपत्रिका छापणारे, फोटो स्टुडिओवाले, मशीनवर भरतकाम करणारे कारागीर यांची तर रोजीरोटीच त्यावर आहे. नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायला गेले की विक्रेता हल्ली एका बाजूला काच व आत रंगीत दिवे असलेले कॅबिनेट पुढे करतो. गिऱ्हाइकासमोर ते शोभते आणि साधारण 2,500 ते 4,000 रुपयांत मिळूही लागले आहे. शिरूर व दौंडच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ते घ्यावे काय, आणि घ्यायचे तर काय पाहून, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

धूळ आणि उन्हाळा

शिरूर घोड नदीकाठी तर दौंड भीमेकाठी. पण दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यात येतात. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या आसपास जातो. शिरूरला पुणे-अहिल्यानगर महामार्गाची वर्दळ, दौंडला जंक्शनची. रस्त्यावरच्या दुकानात धूळ येणारच. कॅबिनेटच्या आतील हवा खोलीपेक्षा नेहमीच गरम असते. त्यात धुळीने पंखे व जाळ्या भरल्या की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. ऐन लगीनसराईत काम रेंगाळते किंवा मशीन बंद पडते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते.

म्हणून पहिली पसंती पुढून जाळी असलेल्या कॅबिनेटला द्यावी. पुढून गार हवा आत यावी व मागून गरम हवा बाहेर जावी, हा साधा हिशोब आहे. पुढची बाजूही काचेने बंद असेल तर पुढच्या पंख्यांना हवा मिळत नाही. दोन बाजूंनी काच असलेली, माशांच्या टाकीसारखी दिसणारी कॅबिनेटे पुष्कळदा खालून हवा ओढतात; जमिनीवर ठेवल्यास जमिनीची धूळच आत जाते. पुढे, वर व खाली काढून धुता येणारी बारीक जाळी आहे का, हे दुकानातच काढून पाहावे. केवळ बिलाचे काम असेल तर पुढे एक व मागे एक असे 120 मि.मी.चे दोन पंखे पुरतात. डिझाइनसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर पुढे आणखी एक लावावा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते.

काच की अॅक्रिलिक?

चांगल्या कॅबिनेटला टफन काच असते. ही काच 600 अंशांहून जास्त तापवून एकदम थंड केलेली असते. ती साध्या काचेपेक्षा बळकट असून फुटली तर तिचे लहान लहान तुकडे होतात. सुरीसारखे लांब तुकडे सहसा होत नाहीत. मात्र तिची कड नाजूक असते. पॅनेल काढून फरशीवर उभे टेकविले तर हलक्याशा ठोक्यानेही सारी काच फुटू शकते. काढलेली काच नेहमी पुठ्ठ्यावर किंवा जाड कापडावर आडवी ठेवावी.

काचकाम करणाऱ्या बांधवांना ठाऊकच आहे की टफन केल्यावर काच कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. मूळ पॅनेल फुटल्यास माप व भोके आधी करूनच नवी काच टफन करून आणावी लागते. त्यापेक्षा गावातल्या नेमप्लेटवाल्याकडून 3 मि.मी.चे अॅक्रिलिक कापून बसविणे सोपे. ते काचेसारखे सहज फुटत नाही, पण त्यावर चरे लवकर पडतात व धूळ चिकटते.

माप, पत्रा व एसएमपीएस

मदरबोर्डचे माप आधी विचारावे. एटीएक्स बोर्ड 305 बाय 244 मि.मी., तर मायक्रो एटीएक्स 244 बाय 244 मि.मी. असतो. दुकानाच्या कामाला बहुधा मायक्रो पुरतो आणि त्याचे कॅबिनेट लहान व स्वस्त असते. ग्राफिक्स कार्डाची लांबी व कूलरची उंची बसते का, तेही तपासावे. पत्रा हाताने दाबून पाहावा. फार दबत असेल, कडा धारदार असतील तर ते घेऊ नये.

कॅबिनेटबरोबर फुकटात येणाऱ्या एसएमपीएसवर विसंबू नये. विजेच्या चढउतारात हलका एसएमपीएस जळाला तर मदरबोर्ड व हार्ड डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो, आणि हार्ड डिस्कबरोबर वर्षाचा हिशोब जातो. दिव्यांचेही तसेच. 3 पिनांचे दिवे 5 व्होल्टचे आणि 4 पिनांचे 12 व्होल्टचे असतात. 5 व्होल्टचे दिवे 12 व्होल्टवर जोडले गेले तर ते जळू शकतात.

खरेदी

पक्के बिल घ्यावे. 3,000 रुपयांच्या कॅबिनेटवर 18 टक्क्यांप्रमाणे 540 रुपये जी.एस.टी. होतो. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी घेतलेल्या मालाच्या बिलावर आपला नंबर घालून घेतल्यास हे 540 रुपये वजावटीत मिळू शकतात. कंपोझिशनवाल्यांना ती सवलत नाही. पुण्याहून दौंडला रेल्वेने किंवा शिरूरला एस.टी.ने आणताना मूळ खोका व थर्मोकोल टाकून देऊ नये, आणि खोक्यावर दुसरे सामान रचू नये. घरपोच मागविल्यास खोका उघडतानाच फोटो काढावेत, म्हणजे फुटलेल्या काचेची तक्रार करता येते.

दुकानात कॅबिनेट टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे. काचेची बाजू येण्याजाण्याच्या वाटेकडे नसावी. महिन्यातून एकदा बंद करून जाळ्या धुवाव्यात व पूर्ण वाळवून लावाव्यात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा.

आमचे मत असे की, चांगला एसएमपीएस, यू.पी.एस. व हिशोबाची दुसरी प्रत ठेवण्यासाठी वेगळी डिस्क यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. त्यातून उरले तर जाळीच्या तोंडाचे, एका बाजूला काच असलेले कॅबिनेट खुशाल घ्यावे. न उरले तर साध्या पत्र्याचे कॅबिनेटही तितकेच काम देते.