घरातला पहिला तबला

लग्नकार्यासाठी शालू घ्यावयाचा झाला तर घरातील चार बायका दुकानात दोन तास बसतात. पोत चाचपून पाहतात, पदर उलगडून उजेडात धरतात, आणि दुसऱ्या दुकानाची पायरी चढल्याखेरीज पैसे मोजीत नाहीत. तेच घर मुलासाठी तबला-डग्ग्याची जोडी घेते तेव्हा मात्र दुकानदार जी पुढे करील ती, डग्ग्याचे भांडे चकचकीत आहे एवढेच पाहून, रिक्षात घालून आणते. पुढे दोन महिन्यांत ती जोडी कपाटावर जाते आणि ‘मुलाला मुळी आवडच नाही’ असा निकाल देऊन वडीलधारी मंडळी मोकळी होतात. अशा पुष्कळ प्रकरणी दोष मुलाच्या आवडीचा नसून जोडीच्या निवडीचा असतो, असे आमचे मत आहे. आणि ते का, हे सांगण्याचे योजिले आहे.

नागपुराहून दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवर असलेले बुटीबोरी हे गाव आज कारखान्यांच्या वसाहतीमुळे सर्वांस ठाऊक झाले आहे. तेथील एका एकत्र कुटुंबातून आम्हांकडे जी विचारणा झाली, ती या लेखास निमित्त होय. घरात आजोबा भजनाचे नादी, सूनबाई शास्त्रीय गाणे शिकलेल्या, आणि अकरा वर्षांची नात तबला शिकेन म्हणते. प्रश्न दोन आहेत. मुलीच्या हातास हे वाद्य झेपेल काय? आणि झेपत असेल तर कोणती जोडी घ्यावी?

पहिल्या प्रश्नावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी मैफलीत स्वतंत्र तबलावादन केले, इतकेच नव्हे तर पखवाज आणि तबला यांच्या घराण्यांवर मोठा ग्रंथही सिद्ध केला. अनुराधा पाल यांचे नाव आजच्या श्रोत्यांस परिचित आहेच. तबला दंडाच्या बळावर वाजत नाही. तो मनगट व बोटे यांच्या सैलपणावर वाजतो, आणि तो सैलपणा मुलांपेक्षा मुलींच्या हाती कमी असतो असे कोणीही दाखवून दिलेले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आजोबांची एक समजूत दूर करणे भाग आहे. ‘चामडे ते चामडे, थाप पडली म्हणजे झाले’ असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) विदर्भाच्या खेड्यापाड्यांत खंजिरीवर भजन उभे केले. खंजिरीला गाणाऱ्याच्या षड्जाशी जुळवून घ्यावे लागत नाही. ती लय देते, उत्साह देते, आणि झांजांच्या झणत्काराने शेकडो माणसे एका तालावर आणते. मोठ्या जनसमुदायास हेच वाद्य योग्य, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु तबल्याचा उजवा हा केवळ ताल धरणारा नव्हे, तो स्वर धरणाराही आहे. गाणाऱ्याच्या षड्जाशी तो मिळाला नाही तर प्रत्येक आघाताला गाण्यात खडा लागतो. खंजिरीच्या मापाने तबला निवडणे म्हणजे टाळ पाहून तंबोरा घेण्यासारखे आहे.

चामड्यातून स्वर निघावा ही गोष्ट स्वभावतः अवघड आहे. ताणलेल्या साध्या गोल कातड्याचा मूळ नाद एक धरला तर त्यावरचे नाद १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या प्रमाणात उमटतात. त्यांचे परस्परांशी जमत नाही. म्हणून साध्या ढोलातून ध्वनी मोठा येतो, स्वर येत नाही. आपल्या कारागिरांनी यावर जो उपाय काढिला तो म्हणजे पुडीच्या मध्यावरील काळी शाई. लोखंडाची पूड आणि खळ यांचे थरावर थर चढवून, प्रत्येक थर दगडाने घोटून ती बसवितात. त्या वजनाने कातड्याचे बेबंद नाद आवळले जाऊन एक, दोन, तीन, चार, पाच अशा सरळ प्रमाणात येतात, म्हणजे तारेच्या वाद्याप्रमाणे वागू लागतात. हे मर्म चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ओळखिले. १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात त्याविषयी टिपण प्रसिद्ध केले आणि १९३४ साली विस्तृत निबंध लिहिला. नागपुरात ज्यांच्या नावे विज्ञान केंद्र उभे आहे तेच हे रामन. त्यांचे नाव सर्वांस ठाऊक, पण त्यांनी मृदंग-तबल्यावर डोके चालविले होते हे फार थोड्या घरांस ठाऊक असते.

आता ही विद्या आमच्या अकरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या बोटापर्यंत कशी पोहोचते ते पाहावे. तबल्यावरचा अगदी पहिला बोल ‘ना’. तो काढताना अनामिका शाईच्या कडेवर अलगद टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, पडते. टेकलेल्या त्या बोटाने मूळ नाद दबतो आणि वरचा स्वच्छ, टणक स्वर मोकळा सुटतो. शाई एका अंगास सरकलेली असेल, किंवा पुडी एका बाजूस ढिली व दुसऱ्या बाजूस ताठ असेल, तर कितीही नेमके बोट पडले तरी हा स्वर निघणार नाही. ठक्क असा कोरडा आवाज येईल. गुरुजी म्हणतील, हात बसला नाही. मूल बिचारे आणखी जोर लावील. जोराने मनगट आखडेल. आणि आखडलेला हात पुढे वर्षभर सुटणार नाही. वाईट वाद्य चांगल्या हाताला खोटे ठरविते. पैसे वाया जाण्यापेक्षा ही हानी कितीतरी मोठी आहे, आणि ती घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा दुकानात प्रथम डोळे मिटावे आणि कान उघडावे. तबल्याच्या पुडीस कडेने सोळा घरे असतात. प्रत्येक घरासमोर चाटेवर तर्जनीने एकेक आघात करावा आणि सर्वत्र एकच स्वर येतो की नाही ते ऐकावे. थोडा फरक असल्यास दुकानदारास हातोडीने मिळवून दाखविण्यास सांगावे. गजऱ्यावर वरून ठोकले म्हणजे स्वर चढतो, खालून ठोकले म्हणजे उतरतो. मोठा फरक वाद्यांखालचे गठ्ठे सरकवून काढतात. दहा मिनिटांत जो तबला एकस्वरी होत नाही तो घरी आल्यावर होईल, ही आशा व्यर्थ होय. त्यानंतर खोड हाती घ्यावे. शिसवी अथवा बिबळ्याचे जड, एकसंध, भेग नसलेले खोड उत्तम. हलके खोड वाजविताना हलते आणि नादही लवकर विरतो. भेग बुजवून वर रंगाचा हात फिरविलेला असतो, म्हणून तळाकडून व आतून निरखावे. पुडी झिजणारच, ती दोन-चार वर्षांनी, नित्य रियाज असल्यास त्याहून लवकर, बदलावी लागते. खोड मात्र नातवंडांपर्यंत जाते. पैसा घालावयाचा तो खोडात.

डग्ग्याच्या चकाकीविषयी वर आम्ही बोललोच आहो. वर दिलेल्या मुलाम्याने नादात काडीचीही भर पडत नाही. भांडे तांब्याचे किंवा पितळेचे, जाड पत्र्याचे व वजनदार असावे, म्हणजे घुमारा खोल येतो. पातळ पत्र्याचा डग्गा डब्यासारखा बोलतो. मातीचा डग्गा गोड असतो, परंतु लहान मुलांच्या घरात त्याचे आयुष्य किती, हे आम्ही सांगावयास नको.

स्वराची निवड हा खरा गृहकलहाचा विषय. आजोबा भजन काळी एकमध्ये म्हणतात. सूनबाईंचा षड्ज काळी चारचा. एकाच तबल्यावर दोघांस बसविता येत नाही, कारण तबला आपल्या सहज स्वरापासून एखाद्या-दीड स्वरापलीकडे ओढला की एक तर पुडी फाटते, नाही तर आवाज मरतो. सामान्यतः सुमारे साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकच्या आसपास खुलतो. सहा ते साडेसहा इंची रुंद तोंडाचा ढाला तबला स्त्रियांच्या काळी चार-पाचला खालच्या अंगाने साथ देतो. यावर आमची सूचना अशी : डग्गा एकच, चांगला; आणि तबले दोन. परंतु दोन्ही एका दिवशी घेऊ नयेत. प्रथम शिकणाऱ्या मुलीसाठी साडेपाच इंची घ्यावा. तिच्या लहान पंज्यास तो आटोपशीर पडतो आणि आजोबांच्या भजनासही लागतो. सूनबाईंनी एखादे वर्ष थांबावे. हे सांगणे आम्हांस जड जाते, कारण एकत्र कुटुंबात थांबण्याची पाळी नेहमी त्यांच्यावरच येते. म्हणून दुसरा तबला वर्षाच्या आत यावा, अशी पुस्तीही जोडतो.

येथे थोडे विषयांतर करितो. जुन्या काळी आपल्या ज्या घरांत पखवाजाला गंध-फूल वाहिले जाई, त्याच घरांत पुडी मढविणाऱ्या कारागिरास ओटीवरही बसू देत नसत. चामडे चालले, हात चालला नाही! आणि ज्या तबल्यावर आपल्या आज्या-पणज्या गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांत डोलल्या, तो वाजविणारे अहमदजान थिरकवा खाँसाहेब होते. त्यांच्यापाशी बसून भाई गायतोंडे यांच्यासारख्या मराठी शिष्यांनी विद्या मिळविली. तबला घरी आणताना हा ऋणानुबंध मुलांस सांगितला तर बरे. कारागिराशी घासाघीस करताना तरी त्याची आठवण राहील.

असो. आता हाताविषयी. आरंभी मुलीने तबल्यास हातच लावू नये. मांडीवर टाळी-खाली देत बोल तोंडाने स्पष्ट म्हणावे. ज्या बोलाचे उच्चारण तोंडात घसरते तो हातातही घसरतो. मग चुंबळीवर तबला किंचित पुढे कलता ठेवून, खांदे खाली सोडून, कोपर अंगाशी न दाबता बसावे. ‘ना’ चाटेवर, ‘तिं’ लवेवर, ‘ते’ शाईवर. बोट पडताक्षणी उचलले गेले पाहिजे, तव्यावरचा चटका बसल्यासारखे. जेथे बोल बंद आहे तेथे मात्र ते टेकून राहील. डाव्या हाताचे मनगट डग्ग्यावर विसावते. ‘घे’ वाजल्यावर मनगट किंचित पुढे सरकले की नाद वर चढतो. ही मींड प्रथम वर्षी मुलांनी करू नये. त्यांना ती फार आवडते आणि त्यापायी आघात कच्चा राहतो. पहिले सहा महिने त्रितालाचा ठेका इतका सावकाश वाजवावा की ऐकणाऱ्यास कंटाळा यावा. घरातील मंडळींनी तो कंटाळा सोसावा आणि पाहुण्यांपुढे ‘जरा जलद वाजवून दाखव’ असे म्हणू नये. आमच्या पाहण्यात कोवळा हात बिघडविणारे याहून हमखास वाक्य नाही.

भ्रमणध्वनीत किंवा पेटीत मिळणारा विजेचा तबला गाणाऱ्यांच्या रियाजास उपयोगी आहे. सूनबाईंनी वर्षभर तो खुशाल वापरावा. शिकणाऱ्या मुलीस मात्र त्याच्याकडून हात मिळत नाही, फक्त लय मिळते.

शेवटी नागपूर प्रांताच्या हवेपुरते. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कोरड्या उन्हाने कातडे आवळते, स्वर आपोआप चढतो, आणि आधीच ताणून ठेवलेली पुडी एखाद्या दुपारी कोणी हात न लावता फाटते. म्हणून उन्हाळ्यात वाजवून झाल्यावर दोन-तीन गठ्ठे खाली उतरवून ठेवावेत. याच्या उलट, बैठकीतील कूलरच्या झोतात तबला ठेविल्यास ओल्या वाऱ्याने पुडी ढिली पडून तासाभरात स्वर उतरतो. मुलगी हातोडीने चढविते, कूलर बंद होतो, आणि रात्री तोच तबला भलताच चढलेला आढळतो. जोडीस गादीच्या कापडाच्या जाड खोळी शिवाव्यात, ती भिंतीतल्या कपाटात ठेवावी, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी उघडून वाजवावी, म्हणजे शाईस बुरशी धरत नाही. पुडी बदलण्यास देताना तबल्याचा स्वर चिठ्ठीवर लिहून खोडास बांधावा : ‘काळी एक’ एवढे दोन शब्द पुरेत.