गुण आणि अभिप्राय

गेल्या दिवाळीत हरणीच्या आमच्या घरी पुतणे मंडळी जमली होती. धाकटीने पुण्यात तयार झालेला ‘राजी’ हा व्हिडिओ गेम घेण्याचा हट्ट धरला. थोरल्याने मोबाइलवर नजर टाकून निकाल दिला, ‘नको काका, मार्क कमी आहेत.’ आयुष्यभर गुण देत आलेला मी त्या वाक्याने चपापलो.

‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्यातील लहानशा संस्थेची ही निर्मिती. भावाच्या शोधात निघालेली राजी असुरांशी झुंजते. १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ प्रथम निन्टेन्डोच्या ‘स्विच’ यंत्रावर आला; सोनी व मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवर तो ऑक्टोबरात पोहोचला. यंत्र कितीही वेगवान असले तरी खेळांवाचून ते रिकामे खोकेच. म्हणून नवा खेळ आधी आपल्या दारी यावा, अशी या कंपन्यांची चढाओढ असते.

मग येतात समीक्षक. चित्रे, संगीत, कथा, हाताळणी अशी अंगे ते तपासतात. ‘राजी’ची चित्रकला व संगीत अनेकांनी वाखाणले, लढतींतील उणिवा आणि अल्प लांबी यांवर बोट ठेवले. जपानच्या ‘फामित्सू’ नियतकालिकात चार समीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात. ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ २००१ पासून अनेकांच्या गुणांची १०० पैकी सरासरी काढते. मात्र कोणाच्या मताला किती वजन, हे ते उघड करीत नाही. या सरासरीवर पोटेही अवलंबून असतात. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ (२०१०) या खेळाच्या निर्मात्यांना ८५ गुणांवर अधिक मोबदला मिळायचा होता, पडले ८४! त्यांच्यापैकी ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनीच हे २०१२ साली सांगितले.

हे वाचताना मला माझाच एक विद्यार्थी आठवला. त्याच्या निबंधात गुजराती वळणाची वाक्ये होती, शुद्धलेखन सदोष होते; पण विचार अस्सल स्वतःचे. मी गुण कापले आणि शेजारी एक ओळही लिहिली नाही. पुढे त्याने मराठीत लिहिणेच सोडले. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही हानी केवढी, हे वाचकांना सांगायला नको.

थोरल्याला मी म्हटले, ‘आकडा राहू दे, एक समीक्षा मोठ्याने वाच.’ त्याने वाचली. उणिवा कळल्या, गुणही कळले. धाकटी म्हणाली, ‘लहान असला तरी मला हाच हवा.’

खेळ घरी आला. आणि तेव्हापासून माझ्या लाल शाईच्या आकड्याशेजारी दोन ओळी असतातच.