लक्षद्वीप : चिमुकल्या जीवांनी बांधलेली भूमी

नकाशात केरळच्या पश्चिमेस अरबी समुद्रात काही ठिपके दिसतात. तेच लक्षद्वीप. नाव लक्ष द्वीपांचे. सरकारी मोजणीत मात्र बेटे 36, वस्ती 10 बेटांवर आणि सारी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर! डोंगर नाही, नदी नाही. मग ही भूमी आली कोठून?

उत्तराची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच होते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील एका तप्त स्थानातून लाव्हारस उसळला व दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला आणि त्याच तप्त स्थानावर पुढे लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी ज्वालामुखींची रांग उठली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे सह्याद्री व लक्षद्वीप एकाच चुलीवरचे!

हे पर्वत थंड होऊन हळूहळू खचले. पण उथळ, उबदार पाण्यात प्रवाळ नावाचे चिमुकले जीव त्यांच्या काठाकाठाने चुन्याची घरे बांधीत वर चढत राहिले. पर्वत बुडाला, कंकण उरले. मध्ये शांत खाजण. चार्ल्स डार्विनने 1842 साली ही उपपत्ती मांडली. लाटांनी प्रवाळांचाच चुरा कंकणावर लोटला. त्या वाळूत नारळ रुजला, माणूस वसला.

1998, 2010, 2016 व 2024 साली समुद्र तापला. प्रवाळ पांढरे पडले, कित्येक मेले. समुद्राची पातळीही चढते आहे. पर्वत बुडाले तरी बेटे तरली, कारण बांधणारे जिवंत होते. तेच थांबले, तर बेटांना वाळू कोण पुरविणार?